अँडीजची गोफण (वराका): भाग, नावं, वीण आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेत, म्हणजे पेरू आणि बोलिव्हियात, विणल्या जाणाऱ्या गोफणींबद्दल लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय. मी स्वतः वेण्या विणणारा माणूस, त्यामुळे हत्यारापेक्षा दोरीबद्दल जास्त बोलणार. माझं म्हणणं थोडक्यात असं की या गोफणीतली वीण शोभेसाठी नाहीये, गोफण चालते ती त्या विणीमुळे, आणि हे एकदा कळलं की बाकी सगळं आपोआप समजायला लागतं.

अँडीजची गोफण म्हणजे नेमकं काय? आपल्याकडच्या गोफणीसारखीच का?

हो, तत्त्व तेच. मधे दगड ठेवायला जागा, तिच्या दोन बाजूंना दोन दोऱ्या, एक दोरी बोटात अडकलेली, दुसरी नुसती चिमटीत धरलेली, फिरवायचं आणि वेळेवर चिमूट सोडायची. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं राखणाऱ्या माणसाच्या हातात जी असायची तीच. पण आपल्याकडे ती बहुतेक तागाची नाहीतर अंबाडीची, कामापुरती वळलेली असते, आणि अँडीजमधे ती लामा आणि अल्पाका या तिकडच्या पाळीव जनावरांच्या लोकरीची, आठ-सोळा-चोवीस पदरांची, नक्षीदार आणि गोल विणीची असते. तिकडे ती शेतात, कुरणात, लढाईत, नाचात, पूजेत सगळीकडे दिसते, शिवाय हजारो वर्षांपूर्वीच्या गोफणी वाळवंटात जशाच्या तशा टिकून राहिल्यात, म्हणून तिचा अभ्यास करायला मजा येते.

तिला तिकडे काय म्हणतात?

तीन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे. अँडीजमधल्या केचुआ भाषेत वराका, तिथल्याच आयमारा भाषेत कोरावा, आणि स्पॅनिशमधे ओंदा. वराका म्हणताना शेवटचा ‘का’ घशात हवा अडवून थोडा फटकन सोडतात, आपल्याकडे तसा उच्चार नाही त्यामुळे नुसतं वराका म्हटलं तरी चालतं. जुन्या स्पॅनिश लिखाणात हाच शब्द सुरुवातीला ‘ह’ लावून ‘हुआराका’सारखा लिहिलेला सापडेल, गोंधळू नका, एकच वस्तू आहे. ओंदा स्पॅनिशमधे लिहितात ‘होंडा’सारखं पण ‘ह’ उच्चारत नाहीत, नेटवर त्या स्पेलिंगने शोधलं तर पानंच्या पानं मोटरसायकली येतात, सोबत ‘अँडीज’ किंवा ‘लोकर’ असा एखादा शब्द टाका. गोफण चालवणाऱ्याला स्पॅनिशमधे ओंदेरो म्हणतात.

लोकर, सूत, वेणी यांचे केचुआ शब्दसुद्धा वाचनात येतात: सूत म्हणजे कायतू, वेणी म्हणजे सिंपा, चातीला पुष्का. उलट्या पिळाच्या सुताला ल्योके म्हणतात, म्हणजे डावं. नेहमीच्या सुताच्या विरुद्ध दिशेला कातलेलं हे सूत रक्षण करतं अशी श्रद्धा आहे, म्हणून पूजेच्या आणि विधीच्या कामात ते मुद्दाम वापरतात.

ही बेचकी का? आणि ते तीन गोळ्यांचं हत्यार म्हणजे हीच का?

नाही आणि नाही. बेचकी किंवा गलोल म्हणजे इंग्रजी वाय आकाराचं लाकूड आणि रबर, रबराशिवाय ती चालतच नाही. गोफणीत ताणायचं काही नसतं, फक्त फिरणं असतं. आणि दोऱ्यांच्या टोकाला दोन-तीन गोळे बांधून प्राण्याच्या पायात गुंडाळायला फेकतात ते वेगळं, त्याला केचुआत लिवी म्हणतात आणि स्पॅनिशमधे बोलास. त्यात अख्खं हत्यारच हातातून जातं, गोफणीत दगड जातो आणि गोफण हातात राहते. इंका, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी अँडीजवर राज्य करणारे लोक, त्यांचं सैन्य दोन्ही वापरायचं म्हणून पुस्तकांत दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी असतात आणि घोळ होतो.

गोफणीचे भाग कोणते?

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊया, गोफण जमिनीवर सरळ पसरलीये असं समजा.

पहिलं येतं बोटाचं वेढं, म्हणजे छोटा फासा. यात मधलं बोट किंवा अनामिका जाते, कोणी करंगळीतही घालतं. चांगल्या गोफणीत हा फासा नुसती गाठ मारून केलेला नसतो, वेणीची सुरुवातच दुमडून केलेली असते आणि मग दोन्ही बाजूंचे पदर एकत्र घेऊन पुढची दोरी विणलेली असते, त्यामुळे बोटाला गाठ टोचत नाही आणि तिथे तुटतही नाही. सगळ्यात जास्त ओढ इथेच येते.

मग धरायची दोरी, म्हणजे जी हातात कायम राहते ती.

मग मधली झोळी, यात दगड बसतो. ती रुंद, चपटी, दोन्हीकडे निमुळती होत गेलेली, आणि बहुतेक वेळा मधोमध लांब चीर असलेली. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहितोय कारण सगळ्यात कौशल्याचं काम तिथे आहे.

मग सोडायची दोरी, जी चिमटीतून सुटते. लांबी साधारण पहिलीएवढीच, म्हणजे गोफण दुमडली आणि दोन्ही टोकं हातात धरली की झोळी बरोबर खाली मधे लटकली पाहिजे.

आणि शेवटी टोक. कुठे साधी गाठ, कुठे गोंडा, कुठे निमुळती होत गेलेली बारीक शेपटी. टोक बारीक असेल तर दोरी सुटताना चाबकासारखा फटकारा होतो.

एकूण लांबी उलगडल्यावर दीड ते दोन मीटरच्या आसपास, नाचातल्या आणि विधीतल्या याहून मोठ्याही असतात.

झोळीला मधे चीर कशाला? दगड पडत नाही का?

उलट चिरेमुळेच तो पडत नाही. अखंड पट्टी असेल तर गोल दगड तिच्यावर दोन्ही बाजूंनी घसरू शकतो, पट्टीचे काठ ताणले की ती सपाट होते आणि दगड एका बाजूने निसटतो. चीर असली की दोन्ही पट्ट्या दगडाच्या दोन बाजूंना सरकतात, एक वरच्या अंगाला एक खालच्या अंगाला, आणि दगड मधे पकडल्यासारखा बसतो. लहान-मोठा, वाकडातिकडा कसाही दगड असला तरी झोळी त्याच्या मापाची होते. नदीतला गुळगुळीत गोटा नेहमीच हाताशी नसतो, डोंगरावर जो मिळेल तो दगड उचलून मारायचा असतो, तिथे हे फार कामाचं.

आता ती करतात कशी ते बघा, मला हे काम बघताना अजूनही हरखून जायला होतं. दोरी झोळीपाशी आली की तिचे पदर संपत नाहीत, तेच पदर पंख्यासारखे पसरवले जातात आणि तो ताणा होतो. मग सुईने किंवा बोटांनी आडवा बाणा घालत जातात, इतका दाबून की ताणा दिसेनासा होतो, रंग फक्त बाण्याचे दिसतात. चीर जिथे हवी तिथे ताणा दोन गटांत वाटतात आणि प्रत्येक गटाची पट्टी वेगळी विणतात. पुढे दोन्ही पट्ट्या पुन्हा जोडून घेतात, पदर गोळा करतात, आणि दुसऱ्या दोरीची वेणी सुरू. म्हणजे एकाच वस्तूत वेणी, मग कापड, मग परत वेणी, आणि मूळ पदर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग. कुठेही शिवण नाही, जोड नाही, म्हणून झटक्याने उसवायला काही नाही.

नुसती पिळाची दोरी का नाही चालत? एवढी वेणी घालायची काय गरज?

पिळाची दोरी ओढली की उलगडायला बघते, कोणत्याही सुताला एक वजन लटकवून बघा, ते गरगर फिरायला लागेल. गोफणीत नेमकं हेच नको असतं, झोळी स्वतःभोवती फिरली तर दगड तिरका सुटतो नाहीतर मधेच पडतो. वेणीत अर्धे पदर एका दिशेने वळसे घेतात आणि अर्धे विरुद्ध दिशेने, दोघांचा पिळ एकमेकांना मारतो आणि दोरी ओढ आली तरी सरळ राहते. शिवाय गोल, घट्ट वेणी हातात भरल्यासारखी वाटते, ओली झाली तरी घसरत नाही, आणि एखादा पदर झिजला तरी बाकीचे धरून ठेवतात. शेतात कामापुरती पिळाची गोफण अर्थात चालते, जगभर चालत आलीये, पण रोज दिवसभर कुरणात वापरायची तर वेणीचीच बरी.

लोकर कुठली वापरतात?

लामाचे राठ केस, अल्पाकाची लोकर, आणि स्पॅनिश लोक मेंढ्या घेऊन आल्यानंतर मेंढीची लोकरसुद्धा. लामाच्या अंगावर मऊ लोकरीत मिसळलेले जाड, लांब केस असतात, कपड्याला ते टोचतात पण दोरीला तेच हवे असतात, झिजत नाहीत. समुद्रकिनाऱ्याच्या कोरड्या भागात सापडलेल्या जुन्या गोफणींत वनस्पतीचा तंतूही भरपूर दिसतो, घायपातासारख्या झाडांच्या पानांतून निघणारा. काही गोफणींत दोन्ही असतात, आतून तंतू, वरून रंगीत लोकर.

रंगाचं म्हणाल तर जनावराचे स्वतःचे रंगच इतके आहेत, पांढरा, करडा, तपकिरी, काळा, की रंगवायची गरज पडत नाही. काळा-पांढरा जोडीची गोफण सगळ्यात जास्त दिसते, नक्षी त्यात उठून दिसते. सणाच्या गोफणी मात्र लाल, गुलाबी, हिरव्या, आणि हल्ली बाजारातल्या अॅक्रिलिक सुताच्याही असतात.

वेणी घालतात कशी? त्याला काही यंत्र, चौकट लागते का?

नाही, हातांवर. जपानमधे कुमिहिमो नावाची वेण्यांची कला आहे, तिला गोल लाकडी स्टँड लागतो, पदरांना वजनं लावतात. अँडीजमधे यातलं काही नसतं, पदर बोटांवर वाटून घेतात आणि एकमेकांवरून ओलांडत जातात. गंमत म्हणजे कित्येक वेण्या दोन्हीकडे सारख्याच निघतात, रस्ते वेगळे पण रचना एक, म्हणून कुमिहिमो करणारे लोक आज अँडीजच्या वेण्या आपल्या स्टँडवर करून बघतात.

सगळ्यात सोपी चार पदरांची वेणी घरी करून बघा. टेबलावर चार पदर अधिकच्या चिन्हासारखे ठेवा, वरचा-खालचा काळा, डावा-उजवा पांढरा. आधी काळ्यांची अदलाबदल करा: वरचा उजव्या अंगाने खाली आणा, खालचा डाव्या अंगाने वर न्या. आता पांढऱ्यांची: उजवा वरच्या अंगाने डावीकडे, डावा खालच्या अंगाने उजवीकडे. म्हणजे काळे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरले आणि पांढरे उलटे. एवढंच परत परत करायचं. बोटभर वेणी झाली की दिसेल, काळे एका दिशेने चढत चाललेत आणि पांढरे त्यांना कापत दुसऱ्या दिशेने. ओढून बघा, पिळ बसत नाही.

यातली कुठलीही एक दिशा चुकली की वेणी लगेच वेगळी दिसायला लागते, तेव्हा वाटलं काहीतरी बिघडलंय तर मागे जाऊन दिशा तपासा, पदर मोजत बसू नका.

पुढे आठ, बारा, सोळा, चोवीस, बत्तीस पदर. रंग कुठल्या जागेवरून सुरू केले त्यावर नक्षी ठरते: हालचाल तीच, पण सुरुवातीला काळा-पांढरा जागा बदलून ठेवलात तर एकदा चौकड्या येतात, एकदा उभे पट्टे, एकदा नागमोडी.

एकाच दोरीत नक्षी मधेच बदलते ती कशी?

हा अँडीजचा खरा हातखंडा. मोठ्या वेण्यांत काही पदर पृष्ठभागावर विणले जातात आणि बाकीचे आतल्या पोकळीत सरळ पडून राहतात, गाभ्यासारखे. विणणारा हवं तेव्हा गाभ्यातला एक पांढरा बाहेर काढतो आणि त्या जागी बाहेरचा काळा आत घालतो. बाहेरून बघणाऱ्याला काळ्या दोरीवर पांढरा चौकोन उगवलेला दिसतो, आणि थोड्या वेळाने तो मावळतो. दोरीची जाडी बदलत नाही कारण पदर तेवढेच आहेत, फक्त आतले बाहेर आणि बाहेरचे आत. आणि आत गाभा भरलेला असल्यामुळे दोरी दबत नाही, गोल राहते, जास्त ताण घेते. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की नक्षी आणि मजबुती इथे वेगळ्या काढता येत नाहीत.

बनवतं कोण?

सूत सगळेच कातात, बायका चालता चालता, जनावरं राखता राखता चातीवर कातताना दिसतात. मागावरचं विणकाम बहुतेक ठिकाणी बायकांकडे, आणि दोर, दावी, गोफणी यांच्या वेण्या पारंपरिकपणे पुरुषांकडे. वापरतात मात्र दोघंही, कुरणात लामा आणि मेंढ्या घेऊन जाणाऱ्या बायका-मुलीसुद्धा गोफण सराईतपणे चालवतात.

गुराखी गोफणीने जनावरांना मारतात का?

मारत नाहीत. कळप उजवीकडे भरकटत असेल तर दगड त्याच्या उजवीकडे पाडायचा, आवाजाने आणि धुळीने जनावरं डावीकडे वळतात. उंच पठारावर, ज्याला पूना म्हणतात, तिथे चार हजार मीटरच्या आसपास झाड नाही, कुंपण नाही, कळप पसरलेला, प्रत्येक जनावरामागे धावायचं म्हटलं तर त्या उंचीवर दम लागतो, तिथे एक दगड पाठवणं सोपं. कित्येकदा दगडही नसतो, नुसती गोफण फिरवून टोक फटकारलं की आवाज दूर जातो आणि तेवढ्याने काम होतं. कोल्हा वगैरे हाकलायला मात्र दगडच.

शेतातही हेच. उभ्या पिकाची राखण करणाऱ्याला आरारिवा म्हणतात. ग्वामान पोमा नावाच्या अँडीजच्या माणसाने १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजाला उद्देशून एक भलंमोठं सचित्र पत्र लिहिलं, त्यात शेतीच्या महिन्यांची चित्रं आहेत, त्यात मक्याच्या शेतातून पक्षी हाकलणारा राखणदार आहे, प्राण्याचं कातडं पांघरलेला आणि हातात गोफण. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसलेल्यांना हा माणूस लगेच ओळखू येईल.

फेकायची पद्धत कुठली? लोक दहा वेळा फिरवतात ते खरं का?

सिनेमात फिरवतात. प्रत्यक्षात एक-दोन फेऱ्या पुरतात. डोक्यावरून आडवी फिरवून सोडायची ही कुरणात नेहमी दिसणारी पद्धत. बाजूने उभ्या वर्तुळात किंवा खालून वर असंही फेकतात, जागा कशी आहे त्यावर. जास्त फेऱ्या मारून वेग फारसा वाढत नाही, वेग येतो शेवटच्या फेरीत खांदा, कोपर आणि मनगट एकापाठोपाठ एक घातल्याने.

विज्ञान सोपं आहे. हात फिरतो तेव्हा मुठीचा वेग हाताच्या लांबीवर ठरतो, हाताला पाऊण-एक मीटर दोरी जोडली की तेवढ्याच फिरण्यात दगडाचं वर्तुळ दुपटीहून मोठं, म्हणून वेगही तसाच वाढतो. चिमूट सुटली की दगड वर्तुळाच्या बाहेर सरळ रेषेत निघतो, ज्या क्षणी सुटला त्या क्षणी तो ज्या दिशेला चालला होता तिकडे. म्हणून नेम म्हणजे सगळा सोडण्याच्या वेळेचा हिशोब, जरा लवकर नाहीतर जरा उशीर आणि दगड भलतीकडे.

किती लांब? नोंदलेल्या विक्रमांपैकी १९८१ चा अमेरिकेतला एक आहे, ५२ ग्रॅमच्या दगडाचा, ४३७ मीटर. तो मोकळ्या जागेत फक्त लांबीसाठी मारलेला. नेम धरून मारायचं अंतर अर्थात त्याच्या कितीतरी आत.

लढाईत खरंच एवढी उपयोगी होती?

होती, आणि स्पॅनिश लोकांनी ते स्वतः लिहून ठेवलंय. १५३६ मधे इंका राजा मांको इंका याने स्पॅनिश लोकांच्या ताब्यातल्या कुस्को या जुन्या इंका राजधानीला वेढा घातला तेव्हा इंका सैनिकांनी दगड आगीत लालबुंद तापवले, कापसात गुंडाळले आणि गोफणीने शहरातल्या गवती छपरांवर टाकले, छपरं पेटत गेली आणि धुराने स्पॅनिश लोकांना श्वास घेता येईना. त्याच वेढ्यात शहरावरच्या साक्सायवामान गडाच्या हल्ल्यात स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिसारोचा भाऊ ह्वान पिसारो डोक्यात दगड लागून मेला. आदल्या मारामुळे त्याचा जबडा सुजला होता आणि शिरस्त्राण घालता येत नव्हतं.

वेढ्यात अडकलेल्या अलोन्सो एन्रीकेस दे गुस्मान या स्पॅनिश माणसाने लिहिलंय की गोफणीच्या दगडाने घोडा मरू शकतो, आणि तीस पावलांवरून आलेल्या दगडाने एकाच्या हातातली जुनी तलवार दोन तुकडे होताना त्याने पाहिली. स्पॅनिश येण्याआधीही अँडीजमधल्या लोकांची शिरस्त्राणं आणि कापूस भरलेले जाड अंगरखे होते, ते अशाच माराला तोंड द्यायला. आणि टिटिकाका सरोवराच्या बाजूला टेकड्यांवर पुकारा म्हणतात ते जुने तटबंदीचे गड आहेत, त्यांच्यावर गोफणीच्या दगडांचे साठे सापडतात. आपल्या किल्ल्यांवरही गोफणगुंडे होतेच.

१७८० च्या तुपाक आमारूच्या स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या उठावातही शेतकऱ्यांच्या हातात प्रामुख्याने गोफणी होत्या, बंदुका मोजक्याच.

मग धनुष्यबाण का नव्हते?

होते, पण मुख्यतः जंगलाकडच्या लोकांकडे. इंका साम्राज्याच्या पूर्वेकडच्या भागाला आंतिसुयू म्हणायचे, तिथले तिरंदाज सैन्यात असत. उंच पठारावर मात्र धनुष्याला लागणारं चांगलं लाकूडच नाही, लोकर आणि दगड मात्र हवे तेवढे.

जुन्या ममींच्या डोक्याला गोफण बांधलेली असते, ते का?

गोफण न्यायची सगळ्यात सोपी जागा डोकं किंवा कंबर, हात मोकळे राहतात. पण पाराकास आणि नाझका या दक्षिण किनाऱ्यावरच्या संस्कृतींत ती पागोट्यासारखी मानाची वस्तू झालेली दिसते, कपाळावरून गुंडाळलेली, बारीक नक्षीची, कधी इतकी नाजूक की तिने दगड मारला असेल असं वाटत नाही. पाराकासच्या दफनांत माणसाला थरावर थर कापडांत गुंडाळायचे, त्यात अशा गोफणी सापडल्यात. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून दोन हजार वर्षांची लोकर अजून रंगीत आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नाझका गोफणी आहेत, त्यांच्या वेबसाइटवर फोटो मोठे करून बघता येतात, वेणीचा एकेक पदर मोजता येतो. नक्की बघा.

पुराणकथांत गोफण येते का?

दोन गोष्टी सांगतो. इंकांच्या उत्पत्तीच्या कथेत आयार नावाचे चार भाऊ आणि त्यांच्या बहिणी एका गुहेतून बाहेर पडतात. त्यातला आयार काची इतका ताकदवान की वानाकावरी टेकडीवरून त्याने गोफणीने दगड मारले आणि डोंगर फुटून दऱ्या झाल्या. बाकीचे घाबरले, त्याला काहीतरी आणायच्या निमित्ताने गुहेत परत पाठवलं आणि तोंड बंद करून टाकलं.

दुसरी इल्यापाची, हा मेघगर्जनेचा देव. बेर्नाबे कोबो या पाद्र्याने सतराव्या शतकात लिहून ठेवलंय: आकाशात ताऱ्यांचा बनलेला एक माणूस आहे, झगमगते कपडे, डाव्या हातात सोटा, उजव्या हातात गोफण. त्याची बहीण आकाशातल्या नदीचं पाणी घागरीत भरून ठेवते, हा गोफण मारून ती घागर फोडतो आणि पाऊस पडतो. गोफणीचा फटकारा म्हणजे गडगडाट, त्याच्या कपड्यांची झळाळी म्हणजे वीज.

इंका घराण्यातल्या मुलांची मोठं होण्याची दीक्षा असायची, वाराचिकुय, त्यातही याच वानाकावरीवर मुलांच्या हातात वराका दिली जायची आणि तिच्याच फटक्यांनी त्यांच्या हातापायांवर मारायचे.

आज कुठे बघायला मिळते?

कुरणात रोज. त्याशिवाय कुस्कोजवळ कानास प्रांतात दर वर्षी २० जानेवारीला चियाराखेची लढाई होते, गावं दोन बाजूंना वाटली जातात, माळावर खरीखुरी दगडफेक होते, काही जण घोड्यावर, बायका गाणी म्हणत आपापल्या बाजूला जोर देतात. सांडलेलं रक्त धरणीमातेला, पाचामामाला, पोचतं आणि पीक चांगलं येतं अशी श्रद्धा. माणसं जखमी होतात, मेलीही आहेत. मला वाटतं त्याला नुसतं रानटी म्हणून मोकळं होणं सोपं आहे पण तिथले लोक ते फार गंभीरपणे करतात आणि लढाई संपली की संपली.

नाचात बघायची तर पाउकार्ताम्बो गावात १६ जुलैच्या कार्मेन मातेच्या जत्रेत कापाक कोल्या नावाचा नाच असतो, पठारावरच्या व्यापाऱ्यांचा, पांढरे विणलेले मुखवटे आणि सोबत वराका. त्यात यावार मायू नावाचा भाग येतो, दोघं दोघं समोरासमोर येऊन एकमेकांच्या पायांवर फटके मारतात, मागे गाणं चालूच.

विकत घेताना खरी कशी ओळखायची?

पिसाक, कुस्को, ला पाझच्या बाजारात ढिगाने मिळतात, बहुतेक पर्यटकांसाठी केलेल्या. त्या वाईट असतात असं नाही, कोणाचं तरी हातकामच आहे, पण दगड मारायच्या नसतात. बघायचं एवढंच: बोटाचं वेढं खरंच बोट जाईल एवढं आहे का, दुमडल्यावर दोन्ही टोकं जवळपास जुळतात का, झोळी नुसती शोभेची ताठ पट्टी आहे की दगडाभोवती बसते, आणि दोरी झोळीत सलग जाते की शिवून जोडलीये. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

‘जुनी, थडग्यातली’ असं सांगून कोणी विकत असेल तर हात लावू नका. स्पॅनिश येण्याआधीच्या वस्तू पेरूबाहेर नेणं बेकायदा आहे, आणि अशी प्रत्येक वस्तू कुठलं तरी दफन उकरूनच आलेली असते. परत येताना नवी गोफणसुद्धा केबिन बॅगेत ठेवू नका, चेक-इनमधे टाका.

भारतात बसून बनवायची तर सूत कुठलं घेऊ?

पहिल्या गोफणीला स्वेटरची मऊ लोकर घेऊ नका, ताणली जाते आणि झोळी लोंबते. जाड सुती दोरा किंवा तागाची सुतळी घ्या, दोन गडद रंग नकोत, एक गडद एक फिका, म्हणजे चूक लगेच दिसते. आठ पदर पुरे. पदर तयार गोफणीच्या दीडपट तरी लांब घ्या, वेणीत लांबी खाल्ली जाते आणि झोळीपाशी पसरवतानाही जाते. लांब पदर गुंततात, म्हणून प्रत्येकाची वेगळी छोटी गुंडी करून रबरबँड लावा. आपल्याकडची दख्खनी मेंढीची राठ लोकर, जिचं घोंगडं होतं, ती कातून मिळाली तर या कामाला फार छान, काळी असतेच, फिकी शोधायला लागते.

सराव कुठे आणि कसा करू?

मोकळं मैदान, मागे-पुढे-बाजूला कोणी नाही, आणि हे तिन्ही महत्त्वाचे कारण नवशिक्याचा दगड मागेही जातो. सुरुवात दगडाने करूच नका, टेनिसचा बॉल घ्या. आधी रिकामी गोफण फिरवून चिमूट सोडायची सवय करा, मग एकच फेरी आणि सोडणं. बॉल सारखा जमिनीत आपटत असेल किंवा आकाशात जात असेल तर सोडण्याची वेळ बदला, जोर नका बदलू. प्रत्येक वेळी दोरी चिमटीत त्याच जागी धरा, त्यासाठीच तिथे गाठ असते.

लोकरीची गोफण टिकवायची कशी?

कसर लागते, बाकी तिला काही होत नाही. कडुलिंबाची सुकी पानं घालून सुती पिशवीत ठेवा, पावसाळ्यानंतर बाहेर काढून सावलीत वाळवा. धुवायचीच तर गार पाण्यात, पिळू नका, सरळ पसरून वाळवा, खुंटीला टांगून वाळवली तर ओल्या वजनाने झोळी खाली ओढली जाते आणि चिरेची दोन टोकं फाटायला लागतात. फाटायला लागलीच तर नेमक्या त्या दोन टोकांना त्याच रंगाच्या सुताने चार-पाच टाके घाला, मधल्या पट्ट्या एकमेकींना शिवू नका.